एक जग आण वं

आमच्या घरात ‘जग’ या शब्दाचा अर्थ घाण पुसायचा कागद असा होता. बाबांचा छापखाना नागपूरच्या इतवारीतल्या एका बोळात होता आणि घर त्याच्याच मागे. मध्ये फक्त एक जाड पडदा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं असली किरकोळ कामं यायची, पण आमचं पोट भरायचं ते शाळेच्या कोऱ्या नकाशांवर. जगाच्या नुसत्या बाह्यरेषा, आत काही नाही. मुलांनी त्यात वारे, समुद्रप्रवाह, गव्हाचे प्रदेश भरायचे आणि बाईंनी लाल शाईने ते खोडायचे. लाकडावर ठोकलेला जस्ताचा एक ठसा, पायाने चालवायचं ट्रेडल मशीन आणि दिवसभर त्याची खटॅक-खटॅक. छापताना जे कागद बिघडायचे, म्हणजे आफ्रिकेवर शाईचा गोळा, ऑस्ट्रेलिया अर्धाच, नाहीतर दोन जगं एकमेकांवर तिरपी चढलेली, ते सगळे पडद्याअलीकडे, घरात यायचे. दूध उतू गेलं, जग आण. मांजरीने कोपऱ्यात घाण केली, त्यावर जग टाक. झुरळ मारलं, जगात धर आणि फेक. आई माझ्या डोक्यातल्या उवा काढायला बसायची तेव्हा मांडीवर जग पसरायची आणि फणीतून पडलेली ऊ अटलांटिकमध्ये नखाने चिरडायची. त्याच कागदांवर तळलेल्या सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, निथळत ठेवायच्या. वडीच्या पोटावर उलटं ग्रीनलंड उमटलेलं मी स्वतः पाहिलं आहे, आणि ती वडी बाबांनी मिटक्या मारत खाल्लेलीही पाहिली आहे. ‘शाई पोटात गेली तर अक्कल येते,’ म्हणायचे. मला त्या घरात सतत मळमळायचं. रॉकेल, शाई आणि फोडणी यांचा एकत्र वास नाकात बसला तो आजतागायत गेलेला नाही.

परवा नातीने घरच्या प्रिंटरवर जगाचा नकाशा छापला. कंप्युटरवर शोधला, बटण दाबलं आणि कागद बाहेर आला. स्वच्छ, पांढरा, कुठे डाग नाही, वास नाही. शाळेचा काहीतरी प्रकल्प होता. मला म्हणाली, “आजी, किती नीट आला ना?” मी म्हटलं, नीट आहे. मग खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या. त्यांच्या दिवाणखान्यात असाच एक मोठा छापलेला नकाशा लावलेला आहे आणि त्यात टाचण्या खोचल्या आहेत: मुलगा इथे, सून तिथे, मागल्या वर्षी आम्ही इकडे जाऊन आलो. येईल त्याला त्या टाचण्या मोजून दाखवतात. हातात भजं होतं. तेच तेलकट बोट त्यांनी नातीच्या नकाशावर टेकवलं आणि म्हणाल्या, “आमचा अभय इथं असतो.” मला एकदम शिसारी आली. नात रडवेली होऊन मागे सरली आणि मी मात्र त्या बोटाकडे पाहत इतवारीच्या घरात जाऊन पोहोचले. म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं. नाहीतर ही घाण पुन्हा उपसायची माझी इच्छा नव्हती.

बाबांची धाकटी बहीण, माझी सिंधूआत्या, आमच्याकडे राहायची. लग्न होऊन दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा तिचा नवरा मधुकर जहाजावर नोकरीला लागला आणि ‘मी येतो तोवर माहेरी राहा’ असं सांगून तिला आमच्या दारात सोडून गेला. मी तेव्हा इतकी लहान होते की मला तो फक्त लग्नाच्या फोटोतला आठवतो. मुंडावळ्यांखाली एक जाड भुवई, दोन्ही डोळ्यांवरून न तुटता गेलेली. त्यानंतर तो आला नाही. यायचे ते त्याचे थोरले भाऊ, वामनराव. आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाला भासरे म्हणतात आणि भासऱ्यासमोर बाई उभी राहत नाही, त्याच्याशी बोलत नाही, त्याच्या हातात हाताने वस्तू देत नाही. वामनराव आले की आत्या पदर कपाळापर्यंत ओढून पडद्याआड जायची आणि दोघांच्या मध्ये मी. आत्या हळूच म्हणायची, “विचार वं, ते कसे हायेत?” मी विचारायचे. वामनराव समोर बसलेले, आवाज त्यांना नीट ऐकू गेलेला, तरी ते माझ्याकडे बघून उत्तर द्यायचे, “सांग तुह्या आत्याले, मजेत हाय.” आणि ते वाक्य मी पुन्हा पडद्याला सांगायचे. तेव्हा मला तो खेळ वाटायचा. आज वाटतं, एका बाईला तिच्याच नवऱ्याची विचारपूस पोरीच्या तोंडून करावी लागायची आणि घरातल्या कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

वामनरावांचं जेवण हा प्रकार मला बघवत नसे, आणि मला तिथेच उभं राहावं लागे. त्यांना पाटवडीचा रस्सा आवडायचा. आई आणि आत्या सकाळपासून खपायच्या, खोबरं-कांदा भाजायच्या, वर बोटभर तेलाची तर्री यायची. ते भाताचा डोंगर करून त्यात खड्डा पाडायचे, रस्सा ओतायचे आणि मग मनगटापर्यंत हात घालायचे. चाटायचे ते पार तळहाताच्या रेषांपर्यंत. मधूनच नाक शिंकरायचे, डाव्या हाताने, आणि तो हात धोतराला पुसायचे. जेवण संपत आलं की म्हणायचे, “आण पोरी, जग आण.” मी बिघडलेल्या नकाशांतला एक कागद त्यांच्या ताटाजवळ धरायचे. मधुकर आता कुठे आहे ते ते दाखवायचे, तेही उष्ट्या बोटाने. “हे पाह्य. या खेपेले बसरा.” एकदा हा बसरा त्यांनी दाखवला तो थेट ब्राझीलमध्ये. मी आठवीत होते. बसरा कुठे आहे हे मला ठाऊक होतं. मी खुदकन हसले आणि म्हटलं, “हे तर दक्षिण अमेरिका आहे.” बाबांनी डोळे वटारले. पडद्याआडून आत्या म्हणाली, “ते सांगतात तिथंच हाय. तू कागद इकडं दे.”

कागद ती का मागायची, तर हा तिचा नेम होता. बोटाचा पिवळा डाग जिथे पडला असेल तिथे, त्याच्यावरच, ती कुंकवाचा ठिपका लावायची. मग त्या कागदात डबा गुंडाळायची. डब्यात रव्याचे लाडू, चिवडा, कधी पुरणाच्या सुक्या करंज्या. लग्नात मिळालेले उभे, कडीचे डबे होते, त्यांवर भांड्यांच्या दुकानातल्या माणसाने टोचून ‘सौ. सिंधू’ असं नाव टाकलेलं. वामनराव तो डबा नेत आणि म्हणत की मुंबईला ओळखीचा खलाशी आहे, तो पोहोचवतो. डबे मात्र परत यायचे नाहीत. “जहाजावरून रिकामे डबे कोण धाडते?” असं ते म्हणायचे आणि बाबा मान डोलवायचे. ठिपका कशाला लावतेस असं मी आत्याला एकदा विचारलं होतं. म्हणाली, “चुकून दुसऱ्याले नाही गेला पायजे.” ठिपका ब्राझीलवर, माणूस म्हणे बसऱ्यात, आणि तिला वाटायचं खाऊ बरोबर जागी पोहोचेल. मला तिची दया यायची आणि रागही यायचा. तो उष्टा, पिवळा डाग बघून तर किळसच यायची, आणि ती त्यावर कपाळाचं कुंकू लावायची.

याच सुमाराला अमरावतीच्या अध्यापिका विद्यालयातून तिला बोलावणं आलं होतं. आत्या मॅट्रिक होती, शिकवायची तिला हौस होती. छापखान्यात बसून आमच्या बोळातल्या पोरींना ती नकाशा भरायला शिकवायची. पण ती दरवर्षी ठरवायची आणि दरवर्षी वामनराव येऊन सांगायचे, “दिवाळीले येऊन राहिला तो. घरी बायको नाही दिसली तर काय म्हणन? कुठी जाऊ नका म्हणा.” आत्या थांबायची. या वर्षी वयाची अट संपत होती. पावसाळ्याआधी गेली तर गेली, नाहीतर मग तिथला दरवाजा कायमचा बंद. आईने बाबांना हे माझ्यादेखत सांगितलं होतं. बाबा म्हणाले, “तिच्या सासरचे परवानगी देत नाहीत, तर मी कोण?” आपल्याच छताखाली राहणाऱ्या बहिणीबद्दल हे बोलायला त्यांना लाज कशी वाटली नाही, कोण जाणे.

उन्हाळा लागायच्या बेतात होता. परीक्षेआधी काटोलच्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात नकाशांचे गठ्ठे पोहोचवायचे होते. गिऱ्हाईक नवीन होतं, म्हणून बाबा स्वतः निघाले आणि संत्री मिळतील या आशेने मी सोबत गेले. एसटीत पायाखाली गठ्ठे, शेजारी कोणाच्या तरी मांडीवर कोंबडी. काटोलला उतरलो तेव्हा बाजारभर संत्र्यांचा वास होता, चांगल्या संत्र्यांचा आणि पायाखाली चेंगरून आंबलेल्या संत्र्यांचाही. बाबा दुकानदाराशी चहा घेत बसले आणि मला संडासला लागली. दुकानदार म्हणाला, “मागच्या बोळात पयलंच घर हाय, तिथल्या वहिनी चांगल्या हायेत. जाय, माह्यं नाव सांग.”

त्या वहिनी खरंच चांगल्या होत्या. हे मला मुद्दाम लिहिलं पाहिजे. पोट पुढे आलेलं, दिवस भरत आलेले, चेहऱ्यावर थकवा, तरी हसून म्हणाल्या, “ये वं माय, लाजू नको.” अंगणात त्यांचं पहिलं पोर कागदावर शी करायला बसवलेलं होतं. आमच्या घरी लहान मुलांना जगावरच बसवायचे, त्यामुळे तो कागद मला आधी ओळखीचाच वाटला आणि त्यात काही विशेष आहे हे लक्षातच आलं नाही. मग पोर जरा सरकलं आणि खाली मला दक्षिण अमेरिका दिसली. ब्राझीलवर हळदीचा, तेलाचा डाग आणि डागाच्या मधोमध कुंकवाचा ठिपका. वहिनींनी कोपऱ्यातलं टमरेल उचललं, रांजणातलं पाणी भरलं आणि माझ्या हातात दिलं. उभा, कडीचा डबा. त्यावर टोचलेलं नाव: सौ. सिंधू.

“हा डबा कुठचा?” मी विचारलं.

“माह्या मोठ्या जाऊबाई धाडतात नागपूरवरून,” वहिनी कौतुकाने म्हणाल्या. “लाडू असे करतात का तोंडात विरघळते. म्या तर त्यायले पाह्यलंबी नाही अजून. हे म्हणतात, बाई लय मायाळू हाय.”

तेवढ्यात आतून कोणी तरी घसा खाकरला, नाक शिंकरलं, अगदी वामनरावांसारखंच, आणि बनियनवर एक माणूस ओट्यावर आला. हातातला लाडू अर्धा खाल्लेला, मिशीत रवा. दोन्ही डोळ्यांवरून न तुटता गेलेली एकच जाड भुवई. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. पोराला म्हणाला, “झालं का बे?” आणि बायकोला, “संत्र्याच्या आडतीवर जातो, उशीर होईल.” मी पाणी तिथेच ओतून टाकलं आणि डबा घेऊन बाहेर पळाले. वहिनी मागून हाका मारत होत्या, “अवं, डबा कुठी नेऊन राहिली?” त्यांच्या दृष्टीने एका अनोळखी पोरीने त्यांचं टमरेल पळवलं होतं. अजूनही त्या आवाजाची आठवण आली की मला त्या माणसाची किळस येते. दोन बायका, आणि दोघींना एकाच लाडवावर फसवलेलं.

परतीच्या एसटीत तो डबा माझ्या मांडीवर होता. बाबांनी आधी विचारलं, “हे काय उचलून आणलं?” मी नाव त्यांच्याकडे वळवलं. मग डबा कुठे मिळाला, ओट्यावर कोण होतं, कागदावर काय होतं, सगळं सांगितलं. मला भडभडून आलं आणि मी खिडकीतून ओकले. बाबांनी पिशवीतला नमुन्याचा नकाशा काढून माझं तोंड पुसलं. नागपूर जवळ आलं तेव्हा म्हणाले, “घरी काही बोलू नको. पाहू आपण. सांगून तिचं काय भलं होणार हाय? उगाच तमाशा.” बाबा वाईट माणूस नव्हते. पण त्यांना तमाशाची भीती होती, आणि त्या भीतीपायी आत्याने जन्मभर ब्राझीलला लाडू पाठवलेले त्यांना चालले असते. त्या दिवशी मला त्यांच्या हाताचाही वास सहन झाला नाही.

मी घरी आले आणि डबा सरळ आत्याच्या पुढ्यात ठेवला. ती तांदूळ निवडत होती. नाव वाचलं, डबा फिरवून पाहिला, बुडाचा चेपलेला भाग अंगठ्याने चाचपला.

“कुठी होता?”

“काटोलला. संडासात.”

“कोणाच्या?”

मी सांगितलं. मूल सांगितलं, पोटातलं मूल सांगितलं, भुवई सांगितली, कागद सांगितला. ती रडली नाही. तिने डबा न्हाणीत नेला आणि राखेने, मग चिंचेने, मग पुन्हा राखेने घासत बसली. आई म्हणाली, “फेकून दे वं ते.” आत्या म्हणाली, “काहून फेकू? माह्यं नाव हाय त्यावर.”

चैत्रात वामनराव आले. आत्याने नेहमीसारखा पदर ओढला, नेहमीसारखा रस्सा केला, किंबहुना त्या दिवशी तर्री जरा जास्तच आली होती. मला वाटलं, संपलं, ही काही बोलणार नाही. बाबांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसत होतं. ताट वाढलं. पेल्याऐवजी ताटाशेजारी कडीचा डबा होता, पाण्याने भरलेला, नाव भिंतीकडे. वामनराव म्हणाले, “आज गिलास नाही काय?” पडद्याआडून आवाज आला, “सांग वं, घासायले टाकले.” त्यांनी डबा उचलला आणि गटागटा प्यायले. मधे श्वास घेतला आणि पुन्हा प्यायले. मग हात चाटले, नाक शिंकरलं, म्हणाले, “आण पोरी, जग आण. या खेपेले सिंगापूर.” मी कागद धरला. बोट ग्रीनलंडजवळ टेकलं.

पडदा बाजूला झाला. आत्या बाहेर आली आणि त्यांच्या समोर उभी राहिली. डोक्यावर पदर नव्हता. मी तिला भासऱ्यासमोर केस दिसतील अशी कधीच पाहिली नव्हती.

“भाऊजी, काटोल दाखवा.”

वामनरावांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. सवयीने माझ्याकडे बघून विचारलं, “काय म्हणते तुही आत्या?”

“तिले नका विचारू. मी बोलून राहिली. काटोल कुठी हाय यात? ठेवा बोट.”

बाबा अर्धवट उठले. “सिंधू, आत जाय. त्यायले जेवू दे.”

“जेवूच घालून राहिली दादा. पाणीबी पाजलं.” तिने डबा फिरवला आणि नाव वामनरावांसमोर केलं. “वाचा. हा बसऱ्याले गेल्ता ना? तुमच्या भावाच्या संडासात भेटला. त्याची बायको रोज यातून पाणी नेते. आता तुम्हीबी प्यायले.”

वामनरावांनी डब्याकडे पाहिलं. तोंड मिटून घेतलं, गाल फुगले. उठायला गेले, पण जागेवरच उलटी झाली. पाटवडी, भात, तर्री, सगळं ताटात, धोतरावर, सारवलेल्या जमिनीवर. बाबा पडद्याकडे तोंड करून उभे होते. आत्या शांत आवाजात, रोज म्हणायची तसंच म्हणाली, “सुमे, एक जग आण वं.”

मी आणलं. घाणीवर टाकायला वाकले, तोच तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि पुढे होऊन वामनरावांच्या हातात दिलं. थेट हातात. बोटाला बोट लागलं.

“तुमचं तुम्ही पुसा,” ती म्हणाली.

आणि त्यांनी पुसलं. उकिडवे बसून, धोतर सावरत, दोन्ही हातांनी, कोपरे जुळवून. त्यांनी पूर्ण पुसेपर्यंत आत्या तिथेच उभी होती.

ती मे महिन्यात अमरावतीला गेली. बाबांनी तिची ट्रंक स्वतः स्टँडपर्यंत नेली आणि निघताना नकाशांचा एक गठ्ठा तिच्या मांडीवर ठेवला. बिघडलेल्यांचा नव्हे, चांगल्या छापाचा, एकही डाग नसलेला. माफी मागायची त्यांची तेवढीच पद्धत होती. कोर्टात ती गेली नाही. “त्या बाईचं दुसरं लेकरू यायचं हाय,” एवढंच म्हणाली. वामनराव पुन्हा आमच्या दारात दिसले नाहीत. आत्या पुढे मौद्याच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि तिच्या वर्गात नकाशाला बोट लावायला बंदी होती. पेन्सिलीने दाखवायचं, नाहीतर खाली बसायचं.

तो डबा तिने शेवटपर्यंत वापरला. इतवारीत नेऊन त्यावरचं ‘सौ.’ तेवढं घासून काढून घेतलं होतं. कपाळाला कुंकू मात्र लावायची आणि कोणी विचारलं तर म्हणायची, “माह्यं हाय, माह्याच कपाळावर लावतो.” मी मौद्याला गेले की ती तोच डबा पुढे करायची. आत रव्याचे लाडू, वर बेदाणा टोचलेले. “घे ना वं, घासला हाय चांगला,” म्हणायची आणि हसायची. तिच्यासारखी बाई मी पुन्हा पाहिली नाही. पण त्या डब्यातला लाडू मी कधीही खाल्ला नाही.